कुडपणच्या वाटेवरच्या दोन पलटणी

मुंबईहून महाडकडे निघालं की वाटेत माणगाव लागतं आणि माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा. घाडगे याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ते आपली छोटी तुकडी घेऊन पुढे सरकत होते. वय २२. समोरून, अगदी जवळून, मशिनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जायबंदी झाला. ते तसेच एकटे धावत गेले. हातबॉम्बने मशिनगन आणि ती चालवणारा असे दोन्ही गारद केले. ठाण्यातल्या आणखी एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

मला मात्र पुढे कुडपणला जायचं होतं. रायगड जिल्ह्याचा अगदी आतला कोपरा, पोलादपूर तालुक्यातलं डोंगरमाथ्यावरचं गाव. रणगाड्यांचं आणि लढाऊ विमानांचं वेड मला शाळेपासूनचं. टायगर, शर्मन, स्पिटफायर ही नावं आजही महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना तोंडपाठ असतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन असे विसाव्या शतकातले रणगाडे ओळीने उभे आहेत, आणि ते पाहायला लोक लांबून येतात. यायलाच हवं. पण त्या यंत्रांच्या समोर, त्यांच्या बाजूने आणि एका प्रसंगात तर त्यांच्या पोटाखाली जी आपली माणसं होती, ती कुठल्या वाटा उतरून युद्धावर गेली? त्या वाटा पाहाव्यात एवढ्यासाठी हा प्रवास होता. महाड, पोलादपूर, माणगाव, घाटमाथ्यावरची जावळी आणि सातारा हा मराठा पलटणींच्या भरतीचा जुना मुलूख. कुडपण त्याच्या मधोमध येतं.

वाट चालताना दोन पलटणींचं बोट धरून ठेवलं तर सगळं शतक नीट दिसतं. घाडगे होते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत. १९२२ च्या फेररचनेआधी हिचं नाव ११० वी मराठा. दुसरी त्याच रेजिमेंटची पहिली पलटण, पूर्वीची १०३ वी. फौजेत ती आजही ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते. या दोघींची गाठ इराकमधल्या एका वेढ्यात पडली होती, आणि पंचावन्न वर्षांनी बांगलादेशातल्या एका पुलावर पुन्हा पडली.

महाडला सावित्री नदी ओलांडताना उन्हं डोक्यावर आली होती. महाड म्हटलं की चवदार तळं आणि २० मार्च १९२७ चा सत्याग्रह आठवतो, आणि त्याच्यामागेही फौजेचाच इतिहास उभा आहे. महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये हवालदार म्हणून लष्करातून निवृत्त झाले. नंतरच्या काही वर्षांतच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच, १९२१ मध्ये, तीही मोडण्यात आली. गरज असली की बोलवायचं आणि भागली की घरी पाठवायचं, हा अन्याय महाड-दापोली भागातल्या पेन्शनर महार सैनिकांनी स्वतः सोसला होता. गणवेश घातलेला माणूस गावात परतल्यावर पाणवठ्यावरून हाकलला जाणं त्याला मुकाट सहन होत नाही. सत्याग्रहाच्या मागे उभ्या राहिलेल्यांत असे निवृत्त सैनिक होते. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, आणि १९४६ मध्ये तिचं मशिनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं. तिच्या चिन्हावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या त्या तेव्हापासून. ज्यांना बंदूक नाकारली होती त्यांच्या हाती त्या काळातलं पायदळाचं सर्वांत भेदक हत्यार आलं, ही गोष्ट महाडच्या इतिहासात ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

याच तालुक्यात आंबवडे आहे. त्याला सगळे ‘फौजी आंबवडे’ म्हणतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी गावाची ख्याती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने भरतीच्या गावांमधून दगडी पाट्या बसवल्या, त्यातली एक इथे आहे. या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नाव एकाचंही नाही.

नावं नसलेली ही माणसं गेली कुठे? बरीचशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहावी पूना डिव्हिजन तिथे जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. विमान तेव्हा नुकतं रणांगणावर आलं होतं. शत्रूची जागा वरून पाहून नकाशे काढायचे, हे त्याचं मुख्य काम. २१ नोव्हेंबर १९१५ रोजी मेजर रायली नावाचा वैमानिक टेसिफॉन इथल्या तुर्की ठाण्यांची टेहळणी करायला गेला. तुर्कांकडे नवी कुमक आल्याचं त्याला वरून दिसलं, पण त्याचं विमान पाडलं गेलं आणि तो पकडला गेला. ही खबर टाउनशेंडपर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी लढाई झाली आणि डिव्हिजनची जबर हानी झाली. विमानं मोजकीच असल्याने एकाच्या पडण्याने एवढा फरक पडला. उरलेलं सैन्य माघार घेत तैग्रिसच्या वळणातल्या कुट गावात शिरलं आणि ७ डिसेंबरपासून वेढलं गेलं.

तो वेढा जवळपास पाच महिने चालला. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला फार दिवस नकार दिला. भाजी नाही, मांस नाही. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. वरून तुर्कांच्या बाजूचं जर्मन बनावटीचं विमान बॉम्ब टाकायचं. एक बॉम्ब इस्पितळावरही पडला. आणि मग एप्रिल १९१६ मध्ये इंग्रजांनी युद्धाच्या इतिहासात नवीन असलेलं काम केलं: वेढलेल्या फौजेला विमानातून अन्न पोचवायचं. पीठ, साखर, डाळ यांची पोती पंखांखाली बांधून ती डुगडुगणारी विमानं कुटवर येत आणि पोती सोडून देत. दळायला जात्याचे दगड लागतात म्हणून तेही वरून टाकले गेले. बरीच पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. शेवटच्या पंधरवड्यात मिळून सुमारे १९,००० पौंड माल टाकला गेला, म्हणजे साधारण ८,६०० किलो. आत माणसं होती तेरा हजारांवर. हिशेब केला तर पंधरा दिवसांत माणशी पाऊण किलोसुद्धा येत नाही. २९ एप्रिलला कुट पडलं. वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्कांच्या कैदेत हजारो मेले.

कोकणातल्या ज्या माणसाने गावात बैलगाडीपलीकडे वाहन पाहिलं नसेल, त्याने विमान पहिल्यांदा पाहिलं ते असं. एक बॉम्ब टाकणारं आणि एक पीठ टाकणारं. महाड बाजारपेठेतून बाहेर पडताना माझ्या मनात तोच विचार घोळत होता.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की हवा बदलते. हाच रस्ता वर प्रतापगड आणि महाबळेश्वरकडे जातो. कुडपणसाठी मध्येच तो सोडून आत वळावं लागतं, आणि तिथून पुढे वळणं, चढ आणि दरी यांच्याशिवाय काही नाही. पाऊस नुकता सरला होता. कातळावरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या, उतारांवर नाचणी-वरीची कणसं पिवळी पडू लागली होती. एका वळणावर गाडी बाजूला घेऊन मी पायवाटेने थोडं वर चढून पाहिलं. निसरडी माती, गुडघ्याएवढे दगड, मध्ये कारवीचं दाट रान. पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती तरी धाप लागली. समोरून दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन सहज उतरत आल्या आणि वाट देऊन थांबल्या. वाट मी द्यायला हवी होती.

दुसऱ्या महायुद्धातली केरनची लढाई कागदावर कितीही वाचली तरी ती पायांना कळते ती अशा चढावर. इरिट्रियातल्या केरन शहराकडे जाणारा एकमेव रस्ता एका अरुंद घळीतून जात होता, आणि इटालियनांनी कडे सुरुंगांनी उडवून तो रस्ता दगडांनी बुजवून टाकला होता. घळीच्या दोन्ही अंगांना उंच, उघडे डोंगर, आणि त्यांच्या माथ्यावर इटालियन तोफा आणि मशिनगन. इंग्रजांकडे मॅटिल्डा रणगाडे होते. जवळपास २७ टनांचं धूड, पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर जाड. तेव्हाच्या इटालियन तोफा त्याला भेदू शकत नव्हत्या. पण घळच बंद, तर रणगाडा जाणार कुठून? फेब्रुवारी १९४१ च्या सुरुवातीपासून लढाई अडली होती. १५ मार्चला नवा हल्ला सुरू झाला आणि त्यात घाडगे यांचीच तिसरी मराठा पलटण ‘पिनॅकल’ नावाच्या शिखरावर चढली. तिचे कमांडिंग ऑफिसर होते कर्नल डेनिस रीड. दारूगोळा, पाणी, जखमी माणसं, सगळं पाठीवरून वर-खाली न्यायचं. माथे हातात आल्यावरच सॅपर्सना, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकड्यांना, घळीतले दगड हटवता आले, आणि रस्ता मोकळा झाल्यावर मॅटिल्डा पुढे सरकले. २७ मार्चला केरन पडलं. इंग्रज आणि हिंदी फौजेचे मिळून पावणेचार हजारांच्या आसपास मृत आणि जखमी झाले होते.

त्या युद्धाच्या इतिहासात रणगाड्यांवर पुस्तकांमागून पुस्तकं आहेत. केरनमध्ये मात्र रणगाड्याला वाट करून दिली ती पायी चढणाऱ्यांनी. ज्या मुलखात अफजलखानाची हत्ती-तोफांची फौज जावळीच्या जंगलात अडली, त्या मुलखातल्या पोरांना हे निराळं शिकवावं लागलं नसणार, असं मला त्या चढावर वाटलं. तीन वर्षांनी इटलीत घाडगे लढले तेव्हा त्यांच्या दहाव्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख होते तेच डेनिस रीड. केरनला पलटण चालवलेला माणूस आता डिव्हिजन चालवत होता, आणि मुलूख पुन्हा डोंगराळच होता.

जंगी पलटणीचा इटलीतला दिवस वेगळा. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदीच्या दोन्ही बाजूंना उंच बांध आणि बांधांच्या पोटात जर्मनांचे मोर्चे. त्या दुपारी दोस्तांची आठशेच्या आसपास जड बॉम्बफेकी विमानं त्या आघाडीवर येऊन गेली, मग तोफा झाल्या, मग आग ओकणारे रणगाडे बांधापर्यंत आले. एवढं सगळं होऊनही बांधातल्या मशिनगन जिवंत होत्या. जंगी पलटणीची एक तुकडी नदी ओलांडताना त्यांच्या माऱ्यात सापडली. कंपनीचा निरोप्या होता नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. त्याने दोन जखमींना एकामागून एक पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यामुळे टॉमीगन चालेना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर उभं राहून त्याने पलटणीची शिवरायांच्या नावाची रणगर्जना केली आणि मागच्यांना पुढे बोलावलं. जाधव जगले, व्हिक्टोरिया क्रॉस छातीवर लावून घरी आले. आठशे विमानांनी जे झालं नाही ते एका निरोप्याने केलं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. विमानांनी आणि रणगाड्यांनी मोठं काम केलंच होतं. पण शेवटचं शंभर पावलांचं अंतर माणसालाच तोडावं लागलं.

दुपार कलताना कुडपण आलं. बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावं, पसरलेल्या वाड्या, तांबडी माती आणि चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा. पावसाळ्यात इथले धबधबे पाहायला आता पर्यटक येऊ लागले आहेत. गावाचा खरा अभिमान वेगळा आहे: सिंहगडाच्या लढाईतल्या शेलारमामांचं हे गाव, अशी इथली परंपरा सांगते, आणि त्यांची समाधीही इथे दाखवतात. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं. समाधीपाशी मी बराच वेळ बसलो. चपला काढून आलेला एक तरुण नमस्कार करून गेला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीवर भरतीच्या सरावाचा नंबर अजून चिकटलेला होता.

वाडीत एका अंगणात म्हातारे गृहस्थ बसले होते. ताठ पाठ, नीट कापलेल्या मिशा. फौजी असणार हे विचारायची गरज नव्हती.

“कुणाकडं आलाव?” त्यांनी विचारलं.

“कुणाकडं नाही, बाबा. गाव बघायला आलो. आणि जुन्या फौजींबद्दल विचारायचं होतं.”

“मग बसा की. चहा घ्या आधी.”

ते मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बेळगावच्या सेंटरमधले दिवस त्यांनी सांगितले, डोंगरातली ठाणी सांगितली. त्यांचे एक चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत, एवढं घरात माहीत होतं. कुठल्या पलटणीत होते, कुठल्या देशात पडले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद होता म्हणे, पण एका पावसाळ्यात घर गळलं आणि ट्रंकेतलं सगळं भिजून गेलं.

मी त्यांना १९७१ च्या बांगलादेश युद्धातली टांगाईलची हकिकत विचारली. त्यांना ती पाठ होती, कारण पलटणीत ती प्रत्येकाला माहीत असते.

तिची सुरुवात थोडी मागे आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिसऱ्या मराठा पलटणीच्या हाती छत्री, म्हणजे पॅराशूट, आली. हीच ती कुटमधली ११० वी, केरनमधली, घाडग्यांची. काश्मीरच्या पहिल्या युद्धात ती ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडमध्ये नौशेरा भागात लढली, आणि १८ मार्च १९४८ ला झांगर परत घेतलं गेलं तेव्हा त्या मोहिमेत होती. त्याच नौशेऱ्यातून काही आठवड्यांत पुढे राजौरीवर चाल झाली, आणि तिथे कारवारजवळच्या चेंडिये गावच्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी जे केलं त्याला जगाच्या रणगाडा-इतिहासात तोड सापडणं कठीण.

राणे मराठा पलटणीतले नव्हेत, बॉम्बे सॅपर्समधले. खडकीला त्यांचं केंद्र. नौशेरा-राजौरी रस्ता शत्रूने झाडं पाडून आणि सुरुंग पेरून अडवला होता, आणि सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट रणगाडे त्यावरून न्यायचे होते. ८ एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतले दोघे मेले आणि राणे धरून पाच जण जखमी झाले. तरी संध्याकाळी ते कामाला लागले. समोरून मशिनगन चालूच. तेव्हा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत निघाले. दोन दोर वर चालकाकडे गेलेले होते, एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. चिलखताच्या आडोशाने सुरुंग शोधायचा, काढायचा, दोर ओढायचा. पट्ट्याच्या दोन साखळ्यांमधली ती जागा किती अरुंद आणि किती काळोखी असते हे संग्रहालयात वाकून पाहिलं तरच कळतं. ११ एप्रिलपर्यंत असेच अडथळे काढत ते फौजेबरोबर पुढे जात राहिले, आणि राजौरी हाती आली. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. निवृत्तीनंतर पुण्यात राहिले, तिथेच १९९४ मध्ये गेले.

१९५२ मध्ये तिसऱ्या मराठा पलटणीचं नाव झालं दुसरी पॅरा बटालियन, दोन पॅरा. ‘मराठा’ हा शब्द नावामागे राहिला. आणि ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही पलटण कलाईकुंडा आणि डमडमच्या धावपट्ट्यांवरून उडाली. पॅकेट, ए-एन-१२, कॅरिबू आणि जुनी डकोटा मिळून पन्नासेक विमानं. खाली टांगाईल, ढाक्याच्या उत्तरेला. काम एकच: लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा, म्हणजे मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे परतणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडकेल. सातशेच्या आसपास जवान, जीप आणि तोफा छत्र्यांनी उतरल्या. काही साहित्य तळ्यांत पडलं, आणि आसपासच्या गावांमधले लोक धावत येऊन ते बाहेर काढू लागले, ओझी वाहून नेऊ लागले. रात्र पडण्याच्या सुमारास पूल हातात होता, आणि रात्रभर माघारी येणाऱ्या तुकड्या त्यावर आदळत राहिल्या. परदेशी बातम्यांत छत्रीधाऱ्यांचा आकडा ५,००० पर्यंत फुगला, आणि ढाक्यातले पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी यांच्या मनावर त्या आकड्याचं दडपण आलं.

त्याच वेळी उत्तरेकडून ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ब्रिगेड खाली येत होती. जमालपूरला पाकिस्तानी कर्नलने शरण येण्याच्या निरोपाला पाकिटात बंदुकीची गोळी घालून उत्तर पाठवलं होतं. त्याच्या पलटणीने रात्री वेढा फोडायचा प्रयत्न केला तो ज्यांच्या मोर्च्यांवर जाऊन फुटला ती होती पहिली मराठा, जंगी पलटण, कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली. तिथून ती टांगाईलच्या रस्त्याला लागली, आणि १२ डिसेंबरला पुंगली पुलावर जंगी पलटण आणि दोन पॅरा भेटल्या.

कुटमध्ये एकत्र उपाशी राहिलेल्या, एकत्र कैदेत गेलेल्या १०३ आणि ११० या त्याच दोन पलटणी. १९१६ मध्ये यांच्यासाठी विमानातून जेमतेम पीठ पडत होतं. १९७१ मध्ये त्यांच्यातलीच एक पलटण आख्खी विमानातून उतरली होती आणि दुसरी रस्त्याने चालत तिच्यापर्यंत आली होती. १६ डिसेंबरला सकाळी ढाक्याच्या वेशीवर, मिरपूरच्या पुलापाशी, दोन पॅरा पोचली होती. मराठ्यांच्या विसाव्या शतकातल्या युद्धकथांमध्ये माझ्या मते पुंगलीची भेट सर्वांत मोठी आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला एक परिच्छेद तरी मिळायला हवा.

बाबांना कुटचा दुवा ठाऊक नव्हता. मी सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला, सालं पक्की करून घेतली, आणि आतून नातवाला हाक मारून त्यालाही ऐकवायला लावला. मग म्हणाले की चुलत आजोबांची पलटण जर अशी शोधून काढता आली तर फार बरं होईल.

ते शोधणं पुष्कळदा शक्य असतं. पंजाबात पहिल्या महायुद्धातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची गावनिहाय रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. २०२१ पासून ती संगणकावर आणली जात आहेत, आणि विलायतेत वाढलेली नातवंडं त्यात आपल्या पणजोबांची गावं शोधत आहेत. कोकणासाठीही असं काम व्हायला हवं, आणि त्याची सुरुवात घराघरातूनच होऊ शकते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत पडलेल्यांची नावं फुकट शोधता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक नोंदींत वडलांचं नाव आणि गावही असतं. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, तेव्हा नोंद त्या नावाखाली पाहायची. गावांची आणि आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं त्या काळी कशीही लिहिली जात, म्हणून दोन-चार तऱ्हांनी शोधायचं. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड किंवा जावळीतल्या ज्या कुणाच्या घरी डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, पदक किंवा पलटणीतला जुना फोटो ट्रंकेत असेल, त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी मोबाइलवर त्याचे स्वच्छ फोटो काढावेत, पलटणीचा आणि शिपायाचा नंबर वहीत उतरवून घ्यावा, आणि त्याची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवायला द्यावी.